मित्राची आई

स्टुडिओवाल्या काकूंच्या हातून आयुष्यभरात किती डाग गेले, त्याची गणती कोणी ठेवली नाही. नवरा खाली फोटो काढायचा आणि काकू वरच्या खोलीत, खिडकीपाशी, काचेच्या तिरप्या पाटीवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने लोकांचे चेहरे सावरायच्या. देवीचे वण, नवरीच्या गालावरची पुटकुळी, हेडमास्तरांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या. हलक्या हाताने, श्वास रोखून. घराबाहेर पडताना माणूस आरशात बघून जेवढा बरा दिसायला हवा असतो, तेवढाच बरा करायचा. त्याहून जास्त नाही, असा नवराबायकोचा दंडक होता.

आणि दुसरा दंडक असा की डाग काढायचे, माणसं काढायची नाहीत.

तो दंडक एका गिऱ्हाइकामुळे पडला. दोन भाऊ आले होते, वडिलांचे दिवस होऊन फार झाले नव्हते. घरचा जुना फोटो मोठा करून हवा होता. मोठा म्हणाला, "यातली ही बहीण तेवढी काढता येईल का? जागा मोकळी दिसू नये म्हणजे झालं." धाकटा म्हणाला, "तिथं कुंडी टाका एखादी." काकूंनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "हिस्सा मागितला का तिनं?" दोघेही भिंतीकडे बघायला लागले. फोटो तसाच परत गेला. नवरा आठवडाभर गुरगुरत होता, गिऱ्हाईक गेलं म्हणून. पण 'डाग काढू, माणसं नाही' अशी पाटी रंगवून दाराशी लावली ती त्यानेच.

आता नवरा नाही. निगेटिव्हही नाहीत. तरी कोणी ना कोणी फाटका, बुरशी आलेला फोटो घेऊन येतं आणि काकू बारीक ब्रशने एखाद्याच्या आजोबाचा उडालेला कान परत आणून देतात. घर काकूंच्याच नावावर आहे. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या. घेतलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "माझं नाव दारावर आहे, तुझं कागदावर राहू दे. दारावरचं नाव ऊन खातं."

दुपारी काम करताना रेडिओ चालू असायचा. बुधवारी त्यावर एक वकील लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. कार्यक्रमाचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'दुपारचा वकील' म्हणत. शेजारची चष्मेवाली दुकानाचं अर्धं शटर ओढून ऐकायला काकूंकडे येऊन बसायची. आपल्या गच्चीचं पाणी शेजारच्या भिंतीत मुरलं तर दोष कोणाचा? गाडी भावाच्या नावावर आणि ठोकली मेव्हण्याने, तर भरपाई कोण देणार? लग्न झालेल्या बहिणीला द्यावंच लागतं का? आणि प्रत्येकाची सुरुवात एकच: "प्रश्न माझा नाही, माझ्या एका मित्राचा आहे."

"आपल्या गावात मित्रांना भारी अडचणी," चष्मेवाली म्हणायची. "विचारणारे मात्र सगळे सुखी."

काकू हसायच्या. लोक वकिलाला जे विचारतात ते आधी घरात एकमेकांना विचारतील तर वकील उपाशी मरेल, असं त्यांचं मत होतं.

मग तो अपघात झाला. काकू फुटपाथवरून, हो, फुटपाथवरूनच, चालल्या होत्या आणि सामान पोचवणाऱ्या एका पोराने वाहतूक टाळायला स्कूटर वर घातली. खुबा मोडला, कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत टाके पडले. पोर म्हणालं, म्हातारीच मधे आली. तेही एक वेळ ठीक, जीव वाचवायला माणूस खोटं बोलतो. पण भेटायला येणारा प्रत्येकजण खुर्ची ओढून विचारायचा, "या वयात बाहेर पडायचंच कशाला?" स्कूटर फुटपाथवर कशाला आली, हे एकानेही विचारलं नाही. काकूंना खुब्यापेक्षा ते जास्त ठणकलं.

मुलाने मात्र धावपळ केली. एकुलता एक, दुसऱ्या टोकाला राहणारा, बायकामुलांचा व्याप असलेला. तरी दवाखाना, पोलीस, विमा सगळं त्यानेच बघितलं. काकूंना बरं वाटलं. घरी आल्यावर तो अधूनमधून म्हणू लागला, "आई, या जिन्याचं काय करायचं गं? म्हणजे कसंय, कोपऱ्यावरची जागा आहे, चांगला भाव येतोय." काकू म्हणायच्या, "जिना मी चढते, धाप तुला लागते." विषय तिथेच संपायचा. निदान काकूंना तसं वाटायचं.

एका बुधवारी सकाळी तो मित्राला घेऊन आला. मित्र डॉक्टर होता, डोक्याचा. काकूंना काय तो परका? लहानपणी याच घरात पडीक असायचा. त्याचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो इथेच खाली, डुलणाऱ्या लाकडी घोड्यावर काढलेला. काकूंनी चहा केला. चहा पिता पिता तो म्हणाला, "काकू, आज वार कोणता?"

काकूंना वाटलं, पोर थट्टा करतंय. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं कामधंदा सोडून माझ्याकडे बसलात, म्हणजे रविवार असणार."

"शंभरातून सात गेले तर किती राहिले?"

"कोणाचे गेले? ज्याचे गेले त्याला विचार, तो झोपेतही सांगेल."

"आणि सोबतीला कोण असतं घरात?"

काकूंनी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट केलं. "हे आहेत ना. रोज रात्री भांडतो आम्ही. हल्ली उलट उत्तर देत नाहीत, एवढाच काय तो फरक."

डॉक्टर हसला नाही. त्याने मुलाकडे बघितलं, मुलाने कपाकडे. काकूंच्या मनात आलं, शिकून शिकून पोराचं हसूच आटलं बिचाऱ्याचं.

पुढच्या बुधवारी काकू कोणाच्या तरी पणजीच्या नथीवरची बुरशी काढत होत्या. चष्मेवाली समोर होती. रेडिओवर वकिलांनी "बोला" म्हटलं आणि एक दबलेला आवाज आला.

"प्रश्न माझ्या एका मित्राचा आहे. मित्राची आई आहे. अपघातात तिच्या डोक्याला मार लागला. तेव्हापासून, म्हणजे कसंय, तिला वार सांगता येत नाही. साधी वजाबाकी येत नाही. मेलेल्या नवऱ्याशी रात्री भांडते. घर तिच्या नावावर आहे. ते विकायचंय, तिच्याच भल्यासाठी. तर तिच्या सहीशिवाय होईल का?"

काकूंच्या हातातला ब्रश पणजीच्या नाकावरच थांबला.

वकील सांगत होते की असं आपल्या मनाने करता येत नाही, कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल.

"प्रमाणपत्र मिळेल. डॉक्टर ओळखीचे आहेत."

"मित्राच्या ओळखीचे," वकील म्हणाले.

"हो, हो. मित्राच्या."

चष्मेवालीने रेडिओ बंद केला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढाच आवाज. तिने काकूंकडे न बघता म्हटलं, "आवाज सारखा असतो हो पुष्कळांचा."

"आवाज असेल सारखा. भांडण माझं आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याशी केलेलं भांडण त्यानं रेडिओवर नेलं."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत असं काही नाही. नीट जेवल्या. रागावलेल्या माणसाने उपाशी राहू नये, राग पातळ होतो, हे त्यांना आईने शिकवलं होतं. पण घासागणिक एकेक गोष्ट वर येत होती. ताप आलेला मुलगा मांडीवर घेऊन एका हाताने सावरलेले चेहरे. त्याच्या कॉलेजसाठी रात्रंदिवस केलेले लग्नाचे अल्बम. आणि तो घोड्यावरचा दुसरा कार्टा, ज्याला त्यांनी स्वतःच्या हाताने नाक पुसून कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. आपल्या बोलण्याला हसण्याऐवजी तो ते मनात टिपून घेत होता. विचारलं असतं, आई घर विक, तर त्या नाही म्हणाल्या असत्या, भांडल्या असत्या. कदाचित, कोण जाणे, हो सुद्धा म्हणाल्या असत्या. पण विचारायचं आईला सोडून साऱ्या गावाला, आणि आईला म्हणायचं वेडी.

पुढच्या बुधवारी चष्मेवालीने फोन लावला. लागेना. लागेना म्हणता म्हणता लागला.

"बोला ताई," वकील म्हणाले.

"प्रश्न माझा नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या एका मैत्रिणीचा आहे."

वकील किंचित हसले. "सांगा मैत्रिणीचा."

"घर तिच्या एकटीच्या नावावर आहे. ती जिवंत आहे. तिच्या मुलाचा त्यात हक्क किती?"

"ती आहे तोवर काडीचाही नाही. विकावं, द्यावं, ठेवावं, ती बघेल."

"कोणी चहा प्यायला म्हणून यावं, गप्पांत तिची परीक्षा घ्यावी आणि ती वेडी आहे असं लिहून द्यावं, हे चालतं?"

वकिलांचा आवाज बदलला. त्यांना बहुधा मागचा बुधवार आठवला असावा. "बाई, अशा कागदावर कोणाचं घर जात नाही. कोर्ट तुमच्या मैत्रिणीला समोर बसवेल, विचारेल. आणि तिला धास्ती वाटत असेल तर तिनं स्वतः डॉक्टरकडे जावं, तपासून घ्यावं, मृत्युपत्र करून नोंदवून टाकावं."

"बरं. अजून एकच. मुलाला तपासून घ्यायचं असेल तर?"

"मुलाला कशासाठी?"

"चाळिशी उलटली त्याची. आईची थट्टा अजून त्याला कळत नाही. याला काय म्हणतात डॉक्टरी भाषेत?"

वकिलांना हसू आवरलं नाही, आणि त्यांनी घाईने पुढचा फोन घेतला.

दिवेलागणीला मुलगा आला. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढला.

"आई, हे काय केलंस? दुकानात, गाडीत, सगळीकडे तो कार्यक्रम लागलेला असतो. सगळ्यांना कळलं."

"काय कळलं? मी तर मैत्रिणीचं विचारलं."

"कुठली मैत्रीण?"

"तुझ्या मित्राची आई."

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "ते भरपाईसाठी होतं गं. डोक्याला मार लागला असं दाखवलं की विम्यातून जास्त मिळतात."

"भरपाईसाठी आईचं घर विकावं लागतं? बिनसहीचं?"

"या जिन्यावरून पडलीस तर? मी तुझाच विचार करत होतो."

"माझा विचार केलास, मला मात्र विचारलं नाहीस." काकूंचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "अरे, ते दोघं भाऊ निदान फोटोतून बहीण काढायला आले होते. तू तर जित्या माणसाच्या जागी कुंडी ठेवायला निघालास."

तो उठला. जाताना दारात थांबून, खाली बघत म्हणाला, "मग घर… पुढे कोणाला?"

एवढं झाल्यावरही तोंडातून हेच निघालं. काकू म्हणाल्या, "ते तुझ्या मित्राला मी गेल्यावर कळेल."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत, चष्मेवालीला घेऊन, त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेल्या आणि इतरांसारख्या रांगेत बसल्या. नंबर लागल्यावर तो उठून उभाच राहिला.

"काकू, तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो."

"तू आलास की चहा करावा लागतो. विचार."

"अहो, मी अजून काही लिहून दिलेलं नाही."

"अजून," काकू म्हणाल्या. "विचार म्हणते ना."

त्याने वार विचारला. काकूंनी वार, तारीख आणि तो आदल्या वेळी आला होता ती तारीख सांगितली. शंभरातून सात वजा करत त्या खाली खाली जात राहिल्या, तो "पुरे काकू" म्हणेपर्यंत. घरात कोण असतं, हे विचारायला त्याची जीभ रेटेना. काकूंनीच सांगितलं, "एकटी असते. नवरा वारला. त्याच्याशी भांडते, कारण बाकीचे येतात ते ऐकायला येत नाहीत. आता लिही. आणि वळणदार अक्षरात लिही, कोर्टात वाचता आलं पाहिजे."

त्याने लिहिलं. कान लाल झालेले. घोड्यावर बसवलं होतं तेव्हाही रडण्याआधी असेच झाले होते.

मृत्युपत्राच्या नोंदणीला ताजा फोटो हवा होता. चष्मेवाली म्हणाली, फोनवर काढू. काकू खाली स्टुडिओत गेल्या, धूळ झटकून स्टुलावर बसल्या, हनुवटी नवरा सांगायचा तेवढी खाली घेतली. चष्मेवालीने फोटो काढून दाखवला. चेहरा लोण्यासारखा मऊ, कपाळ कोरं.

"माझे टाके कुठे गेले?"

"फोन आपणहून घालवतो हो. सगळ्यांचंच करतो. छान दिसताय."

"मला विचारलं त्यानं?" काकू म्हणाल्या. "वरच्या कपाटात ह्यांचा कॅमेरा आहे, तो आण. आणि तो दिवा उजवीकडून लाव. डाग दिसला पाहिजे."