एकतीस नंबरचं रक्त

नॉर्वेतल्या बर्गनच्या त्या प्रयोगशाळेत सकाळपासून कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, त्या संधिवाताची चाहूल रक्तावरून लागते का, हे शोधण्यात तोरुन्नची पाच वर्षं गेली होती. जनुकांवर बसणाऱ्या बारीक रासायनिक खुणा ती मोजत असे. आज परीक्षा होती: चाळीस नमुने, नावं झाकलेली. तिने आपला कौल लिहून ठेवला होता; खरी यादी सांधेतज्ज्ञ गुडलाउगबाईंच्या पाकिटात.

"एक?" बाईंनी पाकीट फोडलं.

"आजारी."

"बरोबर. दोन?"

"निरोगी."

"बरोबर!"

दहापर्यंत सगळे श्वास रोखून होते. पंचविसावाही बरोबर येताच तिचा कामातला जोडीदार एइविंद खुर्चीवर चढला.

"उतर रे, पडशील!" बाई ओरडल्या. "एकतीस?"

"आजारी."

"अं... ठणठणीत, असं लिहिलंय."

खोलीतली हवाच गेली. पुढचे नऊही बरोबर आले, पण तोरुन्नला तो एकच खुपत राहिला.

"चाळीसात एकोणचाळीस! हस की बये!" एइविंद म्हणाला.

बाई मात्र यादीकडेच बघत होत्या. "हे रक्त दोन वर्षांपूर्वीचं. पुढे विचारपूस करायला एकतीस नंबरच्या बाईची परवानगी आहे. थांबा जरा."

त्या फोन करायला बाहेर गेल्या. परतल्या त्या जवळजवळ धावतच.

"ईस्टरपासून सकाळी तिची बोटं वळत नाहीत! उद्या तपासायला येतेय."

तोरुन्नने अशी काही किंकाळी फोडली की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली. एइविंदचे हात धरून तिने दोन गिरक्या घेतल्या आणि मध्येच थबकली. "अगं बाई! कुणी आजारी पडलं आणि मी नाचतेय!"

"नाच खुशाल," बाई म्हणाल्या. "संधिवातच असला, तर सांधे झिजायच्या आत सापडला. आणि ती काय म्हणाली, ठाऊक आहे? 'डोंगरातल्या आमच्या सुट्टीच्या झोपडीत लाकडं फोडायला मी टाळाटाळ करते म्हणून नवरा टोमणे मारत होता. थांबा, त्याला दाखवतेच आता!'"

तोरुन्न हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसली.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत संधिवातच निघाला, अगदी कोवळा. औषध सुरू झालं. ऑगस्टमध्ये एकतीस नंबरच्या बाईने प्रयोगशाळेला बादलीभर रानातल्या ब्लूबेरी धाडल्या, स्वतःच्या बोटांनी खुडलेल्या. वर चिठ्ठी होती: "लाकडं अजून तोच फोडतो. तुम्ही त्याला काही बोलू नका."