मामांची खिडकी

सासरा राहायला आला आणि शिंप्याला स्वतःच्या घरात शिंकायची चोरी झाली. म्हातारा जन्माचा सुतार. जावई चहा ढवळत असला तरी ऐकवायचा, "जावईबापू, मनगट सैल." शेवटी शिंप्याने डोकं लढवलं. मागच्या अंगणात मामांना, म्हणजे सासऱ्यांना, लाकडी खोली बांधून द्यायची.

"बाबांना हाकलताय?" बायकोने विचारलं.

"छे गं, स्वतंत्र करतोय."

खरी मेख त्याने मनातच ठेवली. खोलीच्या घराकडच्या भिंतीत खिडकी काढायची ती बाहेरून पाहता डाव्या टोकाला, झाडासमोर. उजव्या टोकाला काढली तर थेट आपलं स्वयंपाकघर दिसणार, म्हणजे जन्मभर मनगटावर नजर.

मामांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, त्यामुळे ते उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडायचे. लाकडी भिंत उभ्याने बांधत नाहीत हे शिंप्याला तिथे कळलं. आधी ती खोलीच्या तळावर आडवी मांडायची. खाली एक पट्टी, वर एक पट्टी, मधे हात-हात अंतरावर दांडे, आणि खिडकीच्या जागी वरचा भार पेलायला जाड तुळई. मग वरून फळ्या ठोकून अख्खी भिंत उचलून उभी करायची. शिंप्याला बरं वाटलं. हे तर शिवणकामच होतं, फक्त सुई जरा जाड.

"खिडकीची खूण मी करतो, मामा," म्हणत त्याने खिशातला खडू काढला.

आणि इथेच शिंपीपणा नडला. कापड पालथं पसरायचं आणि खुणा उलट्या बाजूने करायच्या, ही हाताची सवय. म्हणजे त्याच्या हिशोबाने वर दिसते ती आतली बाजू. बाहेरून डावीकडे हवी, तर इथे उजवीकडे. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्याने खडू ओढला. आडव्या भिंतीची वरची बाजूच उभी राहिल्यावर बाहेर येते, हे त्या शहाण्याला फळ्या ठोकतानाही सुचलं नाही. मामांनी खूण पाहिली, खोकले, आणि कधी नव्हे ते गप्प बसले.

दोन शेजाऱ्यांनी हात लावला, भिंत उभी राहिली. खिडकीच्या बरोब्बर समोर शिंप्याचं स्वयंपाकघर, आणि आत भांडं घासणारी बायको.

शिंप्याने कपाळाला हात लावला. शेजारी गेल्यावर पहार उचलून तो म्हणाला, "मामा, तुम्हाला दिसलं होतं ना? एरवी चमचा धरण्यावरून बोलता."

"दिसलं तर." म्हातारा समोर लेकीकडे बघत होता. "हिची आई गेल्यापासून सकाळी उठल्यावर कुणी दिसलं नाही की जीव घाबरतो माझा. मागायची लाज वाटत होती. तुमची खूण पाहिली आणि वाटलं, जावयाला न सांगता कळलं. म्हणून बोललो नाही."

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातल्या पहारीचं काय करावं ते कळेना. शेवटी ती त्याने भिंतीला टेकवली.

"मुद्दामच काढली मामा," तो म्हणाला.

मामा राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी चहा ढवळत होता. समोरच्या खिडकीत म्हातारा कोपरं टेकून बसलेला. त्याने हात वर केला आणि मनगट हलवून दाखवलं.

शिंप्याने मनगट सैल सोडलं.