वर्गातला खवल्या

अरे ऐका तं, मधे बोलू नका! लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी चौथीत होतो, असोद्याच्या पलीकडं आमचं गाव. झुलाल मास्तर तिकडं डोंगरातल्या पिंपळनेरकडचे, शाळेत नवेच लागलेले. एकदा घरून परत आले ते टोपलीत जनावर घेऊनच! मांजराएवढं, न् अंगभर आंब्याच्या कोयीसारखे खवले. हात लावला की गोळा होऊन जाई.

"मास्तर, हे काय व्हय?" माझ्या शेजारी बसणाऱ्या चुडामणनं विचारलं.

"खवल्या मांजर. आता आपल्या वर्गातच राहील. रोज पाहा, रोज शिका!"

आम्ही तं वेडेच झालो! फळ्याखाली खोकं ठेवलं, गवत टाकलं. केळीवाल्यांची पोरं आम्ही, पहिल्या दिवशी खोक्यात नुसती केळीच केळी. त्यानं हुंगलंसुद्धा नाही. मग दूध. नाक बुडवलं, शिंकलं, झालं.

मास्तर म्हणाले, "याला मुंग्या लागतात रे, वाळवी लागते." आम्ही पाटीवर मुंग्या धरून आणल्या, त्या भिंतीवर पळाल्या. त्याला आपलं उकरूनच खायची सवय! वारूळ एकच, मळ्याच्या वाटेवर. चुडामण कुदळ घेऊन पुढं, मास्तर टोपली घेऊन मागं. कुदळ उचलली न् भिकुबाई आली तरातरा. चुडामणची आजीच ती.

"ठेव खाली! पंचमी तोंडावर न् नागोबाचं घर खांदता? मास्तर, तुम्ही तं शिकेल मानूस ना?"

"अक्का, थोडंच उकरतो. मुकं जनावर उपाशी आहे."

"तं त्याच्या डोंगरात नेऊन सोडा! इथं कोनं बोलावलं होतं त्याले?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. गावात नवे, बायामाणसांशी कसं भांडणार? म्हणाले, "उद्याच पिंपळनेरला घेऊन जातो." तर अख्खा वर्ग रडायला लागला. "नका नेऊ मास्तर! पंचमी होऊ द्या, मग पोटभर खाईल!" मास्तरांचाही जीव त्याच्यावर. विरघळले, अरे, विरघळले! नेलं असतं तं...

पंचमीला बाया वारुळापाशी दूध-लाह्या ठेवून गाणी म्हणत होत्या, न् इकडं वर्गात तो गोळा होऊन पडलेला. हाक मारली तरी हलेना.

दुसऱ्या दिवशी भिकुबाईच म्हणाली, "जा आता, उकरा मागच्या अंगानं." पळतच गेलो आम्ही! चुडामणनं माती काढली, वाळवी नुसती बुजबुजली. मास्तरांनी त्याला अलगद तिथं ठेवलं.

"उलगडेल हं. गलका करू नका."

आम्ही भोवती उभे. तो काही उलगडला नाही. उलट वाळवीच त्याच्या खवल्यांवर चढायला लागली. चुडामण खाली बसून बोटानं एकेक काढत होता, काढत होता.

"राहू दे रे," मास्तर म्हणाले.

तो काढतच होता.