गुडघाभर पाण्याने तोललेली भेग

मी रेणापूरजवळच्या काळ्या कातळातली एक जुनी भेग आहे. मित्रांनो, भेग म्हणजे रिकामी जागा असे तुम्हाला वाटत असेल, तर संकोच करू नका. पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही तसेच वाटले. तापलेला लाव्हा निवताना आकसला, तडकला आणि मी जन्मले. माझ्या दोन्ही अंगांना खडबडीत उंचवटे आहेत. ते एकमेकांना टेकून वरच्या कातळाचा भार पेलतात आणि उरलेल्या फटींतून पाणी वाहते. पण सगळा भार उंचवट्यांवर नसतो. काही भार माझ्यातले पाणीच तोलून धरते. पाणी आहे म्हणून मी उघडी, आणि मी उघडी म्हणून पाणी.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोदताना बौद्ध वस्तीतल्या लिंबाजीची पहार मला लागली. गावच्या विहिरीवर त्या वस्तीतल्या बायकांना काठापासून दूर बसावे लागे. कोणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर वाट पाहणे. म्हणून वस्तीने आपली विहीर खोदायला घेतली होती. तळ सारखा करायला लिंबाजीने ती एकदाच पूर्ण उपसली. दुसऱ्या दिवशी माझी धार निम्म्यावर आली आणि पुन्हा कधी पुरती भरली नाही. तेव्हा त्याने नेम घातला की तळाचे गुडघाभर पाणी कोणी काढायचे नाही. तो गेल्यावर त्याची बायको चांगुणा हा नेम पाळत आणि पाळायला लावत राहिली. दहा वर्षे वस्तीने स्वतःच्या हाताने पोहरा सोडला, आणि मी एकदाही आटले नाही.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. चांगुणाची मुलगी पंचशीला नव्या कचेरीत कारकून झाली, वस्तीतली पहिली. पुढच्या उन्हाळ्यात गावात एका सरकारी इमारतीच्या कोनशिलेसाठी एक बडे पाहुणे हेलिकॉप्टरने येणार होते. त्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून मैदान भिजवणे आवश्यक ठरले. गावच्या विहिरी आटल्या होत्या. साहेबांनी पंचशीलेलाच आईकडे पाठवले.

"घ्या की पाणी," चांगुणा म्हणाली. "पर गुडघाभर ठिवा. झऱ्याचा वाटा हाय त्यो."

"आये, आपण दीक्षा घेतली. मग झऱ्याला निवद कशाचा?"

"निवद न्हाई गं. धार मोडती. तुझ्या बापानं बघितलंय."

पंचशीला हसली, प्रेमानेच. उपसल्याने झरा मोकळा होतो, असे इंजिनिअर साहेब म्हणाले होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तूच शिकवलंस ना, असलं काही मानू नको म्हणून?"

चांगुणा बाजूला झाली. मित्रांनो, प्रयोग करून, निकाल पाहून नियम ठरवणारा त्या प्रकरणात एकच माणूस होता, आणि तो हयात नव्हता.

इंजिन दोन दिवस चालले. तळ खडखडीत झाला. माझ्यातले पाणी सुटले आणि कातळ केसभर खाली बसला. झिजलेले उंचवटे पिचले. त्यांचा भुगा फटींत दाटला. मैदानावर धूळ उडाली नाही. पाहुणे विकासावर पाऊण तास बोलले.

पुढे पाऊस चांगला झाला, पाणी माझ्यापर्यंत आले, पण मला ते वाहून नेता आले नाही. पिचलेला उंचवटा पुन्हा उभा राहत नाही. वस्तीतल्या बायका परत गावच्या विहिरीवर जाऊन बसू लागल्या.

मित्रांनो, कोणाला कारण सांगता आले नाही, तर कारणच नाही असे समजू नका. थांबा, आणि त्यांनी काय पाहिले ते विचारा.

पंचशीलेने विचारले. रजा काढून ती विहिरीत उतरली, माझ्यावर तळवा ठेवून उभी राहिली, मग वर येऊन आईजवळ बसली.

"बापानं काय बघितलं होतं, आये?"

चांगुणाने सगळे सांगितले. कोणत्या दिवशी उपसले, धार किती जाड होती, दुसऱ्या दिवशी किती उरली. पंचशीलेने ते कचेरीतल्या सुबक अक्षरात ओळीने उतरवून घेतले. त्यात एकही चूक नव्हती.