कानातलं कुलूप

रुख्माबाईच्या कानातली ऐकायची मशीन बिघडली नव्हती. तिचं ऐकणं वर्षभरात आणखी कमी झालं होतं आणि मशीन मात्र जुन्याच मापावर चालत होती. कढईतली फोडणी, रस्त्यावरचा ट्रक, नवऱ्याचा आवाज, सगळ्याचा एकच कल्ला. शेवटी तिनं ती काढून डबीत ठेवली.

तेव्हापासून चैतराम ओरडून बोलू लागला. पण ओरडून माणूस बोलणार तरी किती? जेव. गोळी घे. दार लाव. चाळीस वर्षांचा संसार एवढ्यावर आला.

बालाघाटातल्या ज्या दुकानातून मशीन घेतली, ते बंद पडलं होतं. म्हणून दोघं गोंदियाला गेले. तिथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन कॉम्प्युटरला लावून पाहिली.

"बाबा, हिला कंपनीनं कुलूप लावलंय. त्यांच्या दुकानदाराशिवाय कोणालाच माप बदलता येत नाही."

"पण मशीन त आमची आहे ना बाई? विकत घेतली!"

त्यांनीच कंपनीला फोन लावून दिला. "नई ले लीजिए, अंकल," पलीकडचा पोरगा गोड आवाजात म्हणाला.

चैतराम गप्प बसणारा नव्हता. बालाघाटच्या त्या बंद पडलेल्या दुकानात मशीन बसवून देणारी प्रियंका त्यानं शोधून काढली. ती आता हट्टा गावात औषधाच्या दुकानात कामाला होती. रविवारी ती आपला जुना लॅपटॉप घेऊन घरी आली.

"दुकानाचा पासवर्ड अजून चालते का पाहतो, काका. नाही चालला त मले दोष देऊ नका."

चालला. मग दोन तास ती रुख्माबाईसमोर बसून एकेक शब्द हळू आवाजात म्हणत राहिली, माप पुढंमागं करत राहिली. चहासुद्धा तिनं गार झाल्यावरच घेतला.

ती गेल्यावर चैतरामनं सवयीनं ओरडायला तोंड उघडलं.

"हळू," रुख्माबाई म्हणाली. "आयकू येऊन राह्यलं."

 मग खाली बघत तो म्हणाला, "महागू वारल्यापासून मले करमत नाई."

"दोन महिने झाले त्याले. काहून नाई सांगतलं?"

"हे ओरडून कसं सांगू?"

रुख्माबाईनं गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ येऊन बसली. वैनगंगेत तो आणि त्याचा मित्र महागू मासे धरायला जायचे तिथपासून चैतराम सांगत गेला, आणि ती मध्ये मध्ये "हौ" म्हणत राहिली.