लखलाभ चेंडू

मुलांनो, जरा डावा हात पुढे करा. त्यावर चढवा एक जाड कातडी हातमोजा, तुमच्या पंजाच्या दुप्पट मोठा. बाहेर ऊन, आत घाम. आता तो मोजा घालून तीन उन्हाळे बेसबॉलच्या मैदानातल्या एकाच बाकावर बसा. दर रविवारी. चेंडू उजवीकडे पडतो, डावीकडे पडतो, पुढच्या रांगेतल्या माणसाच्या बिअरमध्येसुद्धा पडतो. तुमच्याकडे मात्र एकही येत नाही. बसलात? मग लिडिया त्या दिवशी का धुमसत होती ते तुम्हाला सांगायला नको.

लिडिया दहा वर्षांची. शेजारी तिचे आजोबा. घर मूळचं पोलिश, म्हणून ती त्यांना ‘जाजा’ म्हणे. त्यांच्या तळ्याकाठच्या शहराच्या बेसबॉल संघाचं नाव होतं हेरन्स, म्हणजे बगळे. आणि वसंतापासून हे बगळे गुणतक्त्याच्या तळाशी एका पायावर उभे होते. लागोपाठ सोळा सामने हरले होते.

“आज सतरावा,” पलीकडून मिस अर्लीन म्हणाल्या. त्या तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झाल्या होत्या. दहावा पराभव झाल्यापासून त्या लाजेने तोंड लपवायला डोक्यावर कागदी पिशवी घालून बसत. डोळ्यांना दोन भोकं, शेंगदाणे खायला एक.

“आज आपण पुढे आहोत, मिस अर्लीन! तीन-दोन!” लिडिया म्हणाली.

“म्हणूनच पिशवी काढली नाही, बाळ. पुढे असले की हे जास्त वाईट हरतात.”

मैदानात, अगदी त्यांच्या कुंपणाखाली, बगळ्यांचा क्विंटेरो उभा होता. त्याने सकाळपासून दोन सोपे झेल सोडले होते. पाहुण्या संघाच्या दोन्ही धावा त्यातूनच आल्या होत्या.

“क्विंटेरो, हाताला लोणी लावून आलास का रे?” मागून कोणीतरी ओरडलं.

“लोणी कसलं, अख्खी डेअरी आहे!” दुसरा म्हणाला.

क्विंटेरोने मान वळवली नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले.

“जाजा, आपण दुसरा संघ का नाही धरत?” लिडियाने विचारलं. “शाळेत सगळे मला बगळी म्हणतात. शेजारच्या शहराचा संघ बघा, किती जिंकतो!”

“अगं, छत गळतं म्हणून कोणी शेजाऱ्याच्या घरात झोपायला जातं का?”

“छत दुरुस्त तरी करतात ना! हे काहीच करत नाहीत!”

जाजांनी तोंडातलं सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकलं.

नऊपैकी सातवी इनिंग आली. पाहुण्यांचा एक गडी आधीच बेसवर होता. त्यांच्या दांडग्या फलंदाजाने बॅट फिरवली आणि असा आवाज झाला की मिस अर्लीननी पिशवीच्या आतूनच “गेला!” म्हटलं. क्विंटेरो मागे मागे पळाला, कुंपणाला धडकला, त्याने उडी मारली. चेंडू त्याच्या वरून गेला. लिडिया बाकावर उभी राहिली, हात वर केला, आणि...

थाप!

मोज्यात चेंडू होता. पांढराशुभ्र, लाल शिवणीचा. तळहात असा चुरचुरत होता की डोळ्यांत पाणी आलं.

फळ्यावर आकडे बदलले. फटका मारणारा आणि बेसवरचा, दोघांच्या धावा धरून पाहुणे चार, बगळे तीन.

आणि मग सुरू झालं: “परत फेक! परत फेक!”

त्या बाकांचा एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. पाहुण्यांनी होमरन मारून, म्हणजे थेट कुंपणापार धाडलेला चेंडू घरी न्यायचा नाही. तो मैदानात भिरकावून द्यायचा. तुमचा चेंडू तुम्हालाच लखलाभ!

लिडियाने चेंडू छातीशी धरला. “नाही! मी पकडला! त्यांनी सगळ्यांनी सोडले, मी एकटीने पकडला! मग माझाच का जायचा?”

“परत फेक! परत फेक!” अख्खी गॅलरी बाकांवर पाय आपटत होती.

मिस अर्लीननी पर्समध्ये हात घातला आणि हळूच एक चेंडू पुढे केला. कुत्र्याने चावलेला, शिवण सुटलेला. “हा फेक. खरा मोज्यात लपव. लांबून कोणाला कळतंय?”

“कोणालाच नाही कळत?”

“निम्मी रांग असंच करते. मी नाही हं, माझी बहीण.”

लिडियाने तो चावलेला चेंडू हातात घेतला. मग जाजांकडे पाहिलं. “तुम्ही काय केलं असतं?”

“मला एकदाच मिळाला होता. तेव्हा तुझी आई पाळण्यात होती. मी परत फेकला.”

“मग बरं वाटलं?”

“त्या दिवशी वाटलं,” जाजा म्हणाले. “पण अजून कधी कधी हा हात खाजतो. खोटं कशाला सांगू? चेंडू तुझा आहे, लिडिया. काय करायचं ते मी सांगणार नाही.”

अशा वेळी मोठी माणसं सांगत नाहीत, याचाही राग येतो. लिडियाला फार आला. तिने खाली पाहिलं. क्विंटेरो कुंपणाला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. लोक ओरडत होते, पण तो रिकाम्या मोज्यात बघत होता. तसा रिकामा मोजा लिडियाने तीन उन्हाळे पाहिला होता.

तिने चावलेला चेंडू मिस अर्लीनना परत दिला. डाव्या हातातला मोजा काढून जाजांच्या मांडीवर टाकला.

“क्विंटेरो!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. “ए क्विंटेरो! इकडे बघ!”

त्याने वर पाहिलं.

“हा तरी पकड!” असं म्हणून लिडियाने आपला पांढराशुभ्र चेंडू नेमका त्याच्या छातीच्या दिशेने फेकला, आणि तो खाली पोचायच्या आतच जाजांच्या मांडीवरचा मोजा उचलून पुन्हा हातात चढवला. अजून दोन इनिंग बाकी होत्या.