मोबदल्यातला माणूस

"फोन घरात ठेव की रे. तिखटाचा हात लागला तर वाया जाईल," सासूबाई ओरडल्या.

"असू दे आई, खिशातच आहे," हे म्हणाले आणि डाव्या हाताने कोबीच्या पानात मसाला चोळत राहिले.

अंगणात आम्ही चौघंच होतो. सासूबाई, माझी नणंद ह्ये-सुक, मी आणि आमचे हे, प्यो संग-गिल. नोव्हेंबर सरत आला की वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला आम्ही सोलजवळच्या गुरी गावी सासूबाईंकडे जमतो. रात्रभर मिठात मुरलेला कोबी सकाळी धुऊन निथळत ठेवलेला, मोठ्या टोपात लालभडक मसाला, आणि भोवती बुटक्या स्टुलांवर आम्ही बायका. यांना स्टूल लागत नाही. हे बेसबॉलमधले कॅचर. उभं आयुष्य चेंडू फेकणाऱ्या पिचरसमोर उकिडवं बसून चेंडू झेलण्यात गेलं, त्यामुळे बसायचं काही वाटत नाही. उठताना मात्र गुडघे असे वाजतात की शेजारचं कुत्रं भुंकतं.

हे सोलच्या व्हेल्स संघात आहेत. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, सोलमधल्या लोकांनीही ऐकलेलं नाही. मुख्य कॅचरचं बोट मोडलं, किंवा सामना हातचा गेलाच आहे असं दिसलं, की यांना मैदानात पाठवतात.

आमच्या संघाचे मालक मोठे शौकीन. हंगाम संपला की इतर संघ खर्चाला हात आखडता घेतात आणि मालकांच्या हाताला खाज सुटते. आदल्या हिवाळ्यात पिचर आणला, गेल्या हिवाळ्यात फलंदाज. त्या फलंदाजाची पाठ धरली आणि तो वर्षभर बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खात राहिला. तरी यंदा पुन्हा बाजारात हजर. या खेपेला त्यांनी जोंजूच्या क्रेन्स संघाचा कॅचर उचलला, को तै-मुन. टीव्हीवर त्याचा आकडा झळकला तेव्हा सासूबाई शून्यं मोजायला बसल्या आणि मध्येच कंटाळून उठल्या.

आता आमच्याकडे असा दुसऱ्याचा खेळाडू पळवला की त्याची भरपाई करावी लागते. पळवणाऱ्याने आपले मोलाचे वीस खेळाडू राखून ठेवायचे, आणि ज्याचं नुकसान झालं त्याने उरलेल्यांतून एक उचलायचा. कुणीच पसंत नसेल तर माणसाऐवजी जास्तीचे पैसे घ्यायचे. आमचे हे त्या विसांत नव्हते. कधीच नसतात. क्रेन्स काय घेणार ते आज कळणार होतं.

"पैसेच घेणार," ह्ये-सुकताई म्हणाल्या. "त्यांच्या बसमध्ये हीटर चालत नाही म्हणे. आणि तुमच्याकडे उरलंय तरी कोण? दोन लंगडे आणि चार पोरंटोरं."

"आणि मी," हे म्हणाले.

"तुला कोण विचारतंय? चौतिशीचा घोडा! तू मुळा किस."

हे हसले. ताईंच्या तोंडाचा पट्टा चालू असला की हे नेहमी हसतात.

खरं सांगायचं तर ताईंचं म्हणणं खरं ठरावं असं मलाही वाटत होतं. वसंतातच मी आमच्या घराजवळच्या बाजारात माझं सलून उघडलं होतं आणि आत्ता कुठे गिऱ्हाइकं जमू लागली होती. हे अजून एक वर्ष बाकावर बसणार, मग पोरांना शिकवायचं काम संघातच मिळणार, संघाचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी तसा शब्द दिलेला. मी सगळं मनात बसवून टाकलं होतं. जोंजूला जायचं म्हणजे बसवलेलं सगळं उसकटायचं.

तेवढ्यात माझं लक्ष यांच्या उजव्या हाताकडे गेलं. तो त्यांनी पाठीमागे धरला होता. मैदानात चेंडू लागू नये म्हणून कॅचर उघडा हात तसाच मागे लपवतो, त्यामुळे सवयीचं असेल म्हणून आधी मी दुर्लक्ष केलं. मग पाहिलं तर त्या हातात रबरी हातमोजाच नव्हता. आमचे सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल, आणि यांचा उजवा हात स्वच्छ, कोरडा. फोन वाजला तर पटकन घेता यावा म्हणून हा माणूस सकाळपासून एका हाताने किमची घालत होता.

डुकराचं मटण शिजलं का बघायला मी उठले आणि यांना खुणेने आत बोलावलं.

"अहो, तुम्हाला जायचंय का?"

"ते माझ्या हातात कुठंय?"

"मी ते विचारलं नाही."

ते चुलीपाशी उभे राहिले. झाकण उचललं, परत ठेवलं.

"यन-जू, आजवर कुणी माझं नाव घेतलेलं नाही गं," ते म्हणाले. "एकदा घ्यावं असं वाटतं. एवढंच."

मला सगळं ठाऊक होतं. शाळा संपताना सगळे संघ जमून आपल्याला हव्या असलेल्या एकेका मुलाचं नाव पुकारतात. त्या दिवसासाठी सासूबाईंनी यांना निळा टाय आणला होता. नाव आलं की घालेन, असं म्हणून यांनी तो खिशात ठेवला. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, शेवटची फेरी संपली, शिपाई खुर्च्या उचलू लागला, आणि मायलेक बस धरून घरी आले. पुढे व्हेल्सच्या दारात जाऊन, पाणी वाहायलाही ठेवा, असं विनवून यांनी संघात पाय ठेवला. म्हणून मालकांना हे फुकटचे वाटतात. फुकटचं कोण राखून ठेवतं?

"केस जोंजूतही वाढतात," मी म्हटलं. "चला, मटण झालंय."

पहिला घास तोंडात गेला आणि फोन वाजला. हे उभे राहिले, गुडघे वाजले, कुत्रं भुंकलं.

"हो साहेब... हो... अहो साहेब, माफी कसली मागताय? अभिनंदन करा की माझं!" मग बराच वेळ ऐकून घेतलं. "माझं संघातलं कपाट उद्याच रिकामं करतो. को तै-मुनला म्हणावं, कपाटाचं दार जरा उचलून लावायचं, नाहीतर अडकतं."

फोन खिशात गेला. ताईंच्या हातातली किमची हातातच राहिली.

"क्रेन्सने मला घेतलं," हे म्हणाले.

सासूबाईंनी विचारलं, "त्यांना पैसे घेता येत होते ना?"

"येत होते."

"मग?"

"नको म्हणाले. त्यांचे पिचर सगळे कोवळे आहेत. समोर बसून धीर देणारा माणूस हवाय म्हणे."

"पैसे नको म्हणाले," सासूबाई स्वतःशीच बोलल्या, "आणि याला मागितलं." मग ताईंकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलंस का गं?"

"ऐकलं, ऐकलं," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या खापर लसणावर फोडत होत्या. "जोंजूचे लोक खाण्यात भारी चोखंदळ. ही किमची नेलीस तर नावं ठेवतील."

"ठेवू देत. दोन डबे जास्त भर," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या घरात गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हात धुतलेले होते आणि हातात तो निळा टाय होता.

"वाक," त्या म्हणाल्या. "याची घडी मोडायची राहून गेली होती."

हे वाकले. त्यांच्या जुन्या, मसाल्याचे डाग पडलेल्या कपड्यांवर सासूबाईंनी टाय बांधला. गाठ वाकडी आली, ती कुणी सरळ केली नाही. मी बघत राहिले आणि मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की सलूनची पाटी मनातल्या मनात मीच उतरवून ठेवली.

अजून निम्मा कोबी पडला होता. टायचं टोक शर्टात खोचून हे पुन्हा उकिडवे बसले, उजव्या हातातही हातमोजा चढवला, आणि पुढचा कोबी दोन्ही हातांनी ओढून घेतला.